मॅनेजर म्हणतात, कालची तारीख टाक

प्रश्न : ताई, मी बोईसरला एका फार्मा कंपनीत क्यूसी (औषधांचा दर्जा तपासणारी लॅब) केमिस्ट आहे, कॉन्ट्रॅक्टवर, दीड वर्ष झालं. शिफ्ट नावाला आठ तासांची, पुढच्या शिफ्टचा माणूस नाही आला की बारा तास. ओटी (ओव्हरटाइम) मागितला की कंपनी म्हणते कॉन्ट्रॅक्टरकडे जा, तो म्हणतो कंपनीला विचार. फ्यूम हूड (रसायनांची वाफ बाहेर ओढणारी काचेची पेटी) नीट ओढत नाही, घरी गेल्यावर डोकं दुखतं. आता मॅनेजर सांगतात आज केलेल्या टेस्टवर कालची तारीख टाक, सगळेच टाकतात. काय करू?

उत्तर : अरे, आधी ते तारखेचं बघू, कारण बाकीचं नंतर निस्तरता येतं, ती सही नाही येत. मी अकरा वर्षं क्यूसीत काढलीत. बॅलन्सच्या, म्हणजे वजनकाट्याच्या, प्रिंटवर वेळ छापून येते, एचपीएलसी या तपासणीच्या मशीनच्या ऑडिट ट्रेलमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदीत) कुणाच्या लॉगिनने कधी नमुना मशीनमध्ये सोडला ते सेकंदासकट राहतं, आणि वहीत तू लिहिणार कालची तारीख. ऑडिटर प्रिंट आणि वही शेजारी शेजारी ठेवतो, मॅनेजरचं तोंडी सांगणं तिथे कुठेच नसतं, सही फक्त तुझी असते. आमच्याकडे एका पोराची नोकरी अशीच गेली, सांगणारे साहेब तिथेच राहिले, मला अजून त्याचं वाईट वाटतं. तू आजचीच तारीख टाक, उशीर का झाला ते एका ओळीत लिही. फारच मागे लागले तर शांतपणे म्हण, सर तेवढा मेल टाका. असा मेल सहसा येत नाही.

डोकेदुखी अंगावर काढू नकोस. असिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट (विरघळवायचं रसायन) वापरत असशील तर त्याचं शरीरात हळूहळू सायनाइड होतं, त्यामुळे त्रास कधीकधी काही तासांनी, घरी गेल्यावर जाणवतो. डॉक्टरला सॉल्व्हंटचं नाव सांग. हूडच्या काचेखाली टिश्यू पेपरची पट्टी धर, आत ओढली गेली नाही तर हूड बंदच समज, त्यात काम करू नकोस आणि मेन्टेनन्सला लेखी कळव. तरी हलले नाहीत तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

ओटीचं म्हणशील तर आठवड्याला ४८ तासांच्या वर दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत, आणि कॉन्ट्रॅक्टरने बुडवले तर ते कंपनीने द्यायचे असतात, त्यामुळे ही टोलवाटोलवी चालत नाही. आजपासून येण्याजाण्याची वेळ रोज स्वतःच्या डायरीत लिहून ठेव, पगाराच्या स्लिपा जपून ठेव. आणि पट्टी उद्याच लावून बघ, मला कळव.