बार्शी लाइटचा जुना मार्ग शोधू पाहणाऱ्यास

आपण कुर्डुवाडी-लातूर मार्गापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट ही अडीच फुटी (रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली) रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत धावू लागली. पुढे ब्रॉडगेज करताना धाराशिव शहर जोडून घेण्यासाठी मार्ग बदलला गेला, त्यामुळे जुन्या मार्गाचा काही भाग नव्या रुळांखाली न जाता मोकळा राहिला.

प्रथम जुना स्थलदर्शक नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवून पाहावे. शेतांच्या बांधांना न जुमानता सलग, मंद वळणाने जाणारी रेषा दिसली, तर तेथे रेल्वेचा मातीचा भराव असण्याची शक्यता मोठी. मात्र कालवाही असाच दिसतो. कालवा पातळीरेषेला, म्हणजे जमिनीच्या एकाच उंचीला, धरून वळसे घेत जातो, तर रेल्वे उंचवटा कापते आणि सखल जागी भराव घालते, हा फरक जागेवर लगेच कळतो. रब्बीची ज्वारी निघाल्यावर जावे, कारण पावसाळ्यातील गवतात दगडी मोरीसुद्धा (रुळांखालून ओढ्याचे पाणी जाऊ देणारे बांधकाम) दहा पावलांवरून दिसत नाही. मोरी हाच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे: रूळ उचलले जातात, खडी घरांच्या पायात जाते, पण ओढ्यावरचे बांधकाम सहसा कोणी हलवत नाही.

शेतात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, आणि सापडलेला खिळाही तेथेच राहू द्यावा.