दरडोई समान निधी, तरीही दरी कायम

प्रश्न : आरोग्यावरील सरकारी निधी दरडोई समान वाटला, तर गरीब आणि सधन यांच्या आरोग्यातील दरी आपोआप कमी होणार नाही का? वंचित भागांना जादा पैसा देणे हा इतरांवर अन्याय नव्हे काय?

उत्तर : दरडोई समान वाटप हिशेबाला सोपे असते, परंतु आजार दरडोई समान वाटलेले नसतात. कोंदट घर, अपुरा आहार आणि अंगमेहनतीचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना दवाखान्याची गरज लवकर आणि वारंवार पडते. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवेचा नियम’ (व्यस्त म्हणजे उलट्या प्रमाणातील) मांडला : जेथे गरज अधिक, तेथे चांगली सेवा मिळण्याची शक्यता कमी, आणि सेवा बाजाराच्या जितकी अधीन, तितका हा नियम अधिक कठोर.

अन्यायाच्या शंकेबाबत इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. तेथे २००१ ते २०११ या काळात वंचित भागांचा निधी तुलनेने अधिक वाढवला गेला. वेळेवर उपचार मिळाल्यास टळू शकणाऱ्या मृत्यूंमधील गरीब व सधन भागांतली तफावत त्या काळात घटली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वाढीव निधी आणि असे मृत्यू घटणे यांचा ठळक संबंध वंचित भागांत दिसला, सधन भागांत मात्र तो आढळला नाही. हा सांख्यिकीय संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही जादा पैसा कोठे अधिक कामी येतो, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

अर्थात नुसता निधी वळवून भागत नाही. मोफत लसीकरण केंद्र फक्त कामाच्या वेळेतच उघडे असेल, तर रोजंदारीवरील आईला मुलाच्या लसीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणजे कागदावर मोफत असलेल्या सेवेची किंमत तिने मोजलेलीच असते. (अशी किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.) त्यामुळे संध्याकाळी केंद्र चालू ठेवणारा कर्मचारी, प्रवासखर्च आणि घरोघरी जाणारी आरोग्यसेविका यांवरचा खर्च किरकोळ समजून कापू नये.

मात्र सारा पैसा केवळ अतिगरिबांसाठी राखून ठेवावा, असेही नाही. आरोग्याची उतरंड पायरीपायरीची असते आणि मधल्या पायऱ्यांवरील लोकही वरच्यांपेक्षा लवकर मरतात. म्हणूनच ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्या इंग्लंडमधील आरोग्य-विषमतेवरील २०१० च्या अहवालाने सेवा सर्वांना, पण तिचे प्रमाण वंचिततेनुसार वाढते ठेवावे, अशी शिफारस केली.