अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, त्यातही अक्षरं, असं गणित सोपं करायची ट्रिक काय?

तू लिहिलं की डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठी मिडियमची, आणि (अ/ब − ब/अ) ÷ (१/अ + १/ब) असलं काही समोर आलं की अ ला अ काटतो, ब ला ब काटतो अन उत्तर काही मागच्या पानाशी जुळत नाही. मी वरुडकडच्या एका गावात आठवी ते बारावीची शिकवणी घेतो, निम्मे पोट्टे दरवर्षी हेच करून राहतात, त्यामुळं तुझ्या वहीत काय झालं असेल ते वही न पाहताच समजते.

ट्रिक आहे, पण काटाकाटीची नाही. काटाकाटी सगळ्यात शेवटी. आधी आतमध्ये जेवढे छोटे छेद दिसतात तेवढ्यांचा लसावि काढ, मग मोठ्या रेघेच्या वरचं सगळं आणि खालचं सगळं त्या लसाविनं गुण. वर अन खाली एकाच राशीनं गुणलं तं किंमत बदलत नाही, ३/४ चे ६/८ करतो तेच हे, फक्त आता अंकाच्या जागी अक्षरं आली. आणि सगळं म्हणजे प्रत्येक पद बरं का, पहिल्याला गुणलं अन दुसऱ्याला विसरलं असं नाही.

तुझंच गणित घेऊ. छोटे छेद ब, अ, अ, ब, म्हणजे लसावि अब. (बरं झालं तू क्ष अन य नाही घेतले, शेजारी लिहिले की क्षय होते.) वर अ/ब ला अब नं गुणलं तं अ², ब/अ ला गुणलं तं ब², म्हणजे वर उरलं अ² − ब². खाली १/अ चं झालं ब, १/ब चं झालं अ, म्हणजे अ + ब. आता एकही छोटा छेद नाही, साधा एकमजली अपूर्णांक राहिला, (अ² − ब²)/(अ + ब). वरचं वर्गांतर आहे, (अ − ब)(अ + ब), आता अ + ब ला अ + ब काट, उत्तर अ − ब. खरं काय ते पाहायचं तं अ = ३, ब = २ टाक. वर ३/२ − २/३ म्हणजे ५/६, खाली १/३ + १/२ म्हणजे तेही ५/६, भागाकार १, अन ३ − २ = १. जुळलं.

ही आकडे टाकून पाहायची सवय लाव, एक मिनिट लागते, अन परीक्षेत बाजूच्याच्या वहीत डोकवावं लागत नाही. फक्त ० आणि १ सहसा टाकू नको, ० नं बहुतेक वेळा छेदच ० होते अन १ नं चुकीचं उत्तरही कधी कधी योगायोगानं जुळून जाते.

आता तू चुकतो कुठं ते. (क्ष + ३)/(क्ष + ५) मधला क्ष काटून ३/५ लिहिणारे लय आहेत. क्ष = २ टाकून पाह, ५/७ येते, ३/५ नाही. कटते ते फक्त गुणाकारात असलेलं, म्हणजे अवयव, बेरीज-वजाबाकीत असलेलं पद कटत नाही. म्हणून आधी अवयव पाड, मगच पेन उचल. अवयवातच अडत असशील तं आठवीच्या पुस्तकातला बैजिक राशींचे अवयव हा धडा काढून दोन संध्याकाळी घाल, लाज वाटू देऊ नको, माझे बारावीचे पोट्टेही तिथंच परत जातात.

अवयव लागतात असं एक घे: (१ − ९/क्ष²) ÷ (१ − ५/क्ष + ६/क्ष²). लसावि क्ष² (क्ष³ नाही, मोठा घात घेतला की लहान त्यातच आला). गुणलं की (क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६), म्हणजे (क्ष − ३)(क्ष + ३) वर आणि (क्ष − २)(क्ष − ३) खाली, क्ष − ३ गेलं, राहिलं (क्ष + ३)/(क्ष − २). इथं एक गोष्ट पोट्टे लिहीतच नाहीत अन मग म्हणतात सरांनी मार्क काहून कापले. क्ष ची किंमत ०, २ किंवा ३ चालत नाही हे बाजूला लिहायचं. उत्तरात ३ टाकला तं ६ येते, काही बिघडल्यासारखं दिसत नाही, पण मूळ गणितात ३ टाकला की खालचा छेद ० होते, म्हणून तो ३ काटल्यावरही बादच.

वर एकच अपूर्णांक अन खाली एकच असेल, मधात बेरीज-वजाबाकी नसेल, तं लसाविच्या भानगडीत पडू नको, खालचा उलटा करून सरळ गुण. हा नियम काही नवा नाही, भास्कराचार्यांनी ११५० साली लिहून ठेवला आहे. पण पोट्टे काय करतात, खाली १/अ + १/ब असलं तरी ते अ + ब असं उलटं करतात. ते नाही चालत बाप्पा, आधी बेरीज करून (अ + ब)/अब असा एक अपूर्णांक कर, मग उलटं अब/(अ + ब). आपल्याकडं संत्र्याच्या बागेत हेच रोज घडते: विहिरीवरची मोटर टाकं १२ तासात भरते, बोरवरची ६ तासात, दोन्ही सोबत लावल्या तं १ ÷ (१/१२ + १/६) म्हणजे ७२/१८, ४ तास. नुसतं अ + ब धरलं तं १८ तास येतात, म्हणजे दोन मोटरी मिळून एकीपेक्षाही हळू, लाइन असूनही.

मजल्यावर मजले असले, १ + १/(१ + १/क्ष) सारखे, तं सगळ्यात खालून सुरू कर: १ + १/क्ष म्हणजे (क्ष + १)/क्ष, उलटं क्ष/(क्ष + १), त्यात १ मिळव, (२क्ष + १)/(क्ष + १). आणि मोठी रेघ कोणती ते आधी ठरव, वहीत स्केलनं लांब काढ. १२/६/२ मध्ये पहिली रेघ मोठी धरली तं ४ येते, दुसरी धरली तं १.

राहिलं चिन्ह. ३/(क्ष − १) − (क्ष + २)/(क्ष − १) मध्ये तो वजा पूर्ण क्ष + २ ला लागतो, म्हणून कंस टाकूनच लिही: ३ − (क्ष + २) = १ − क्ष. मग (१ − क्ष)/(क्ष − १), हे १ नाही, −१ आहे.

आता हे करून पाह, पुढं डेरिव्हेटिव्हमध्ये हेच येणार आहे: (१/(क्ष + ह) − १/क्ष) ÷ ह. लसावि क्ष(क्ष + ह). खालच्या ह लाही गुणायचं आहे. उत्तर −१/(क्ष(क्ष + ह)) यायला पाहिजे, अधिक आलं तं कंस विसरला, अन ह वरच राहून गेला तं कुठं अडला ते कमेंटमध्ये पायरीसकट टाक, संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर पाहतो.