डॉक्टर न होता मुलांच्या आरोग्यावर रिसर्च करता येतो का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलीची मेडिकलची ॲडमिशन थोडक्यात हुकली, आता ती म्हणते मला लहान मुलांच्या आजारांवर रिसर्च करायचाय, आणि तुम्हाला वाटतंय की डॉक्टर नसेल तर तिथे तिला कोण विचारणार, त्यापेक्षा वर्षभर थांबून परत परीक्षा द्यायला लावू का.

माझं स्पष्ट मत, नुसत्या रिसर्चसाठी वर्ष थांबवू नका. पेशंट तपासायचे, औषधं लिहून द्यायची तर डॉक्टरच व्हावं लागतं, त्याला पर्याय नाही. रिसर्चचं तसं नाही. न्यूझीलंडमधला डनेडिनचा अभ्यास बघा, 1972-73 मध्ये जन्मलेली 1037 मुलं, आता त्यांनी पन्नाशी गाठली तरी दातांपासून मनापर्यंत सगळ्या तपासण्या चालूच आहेत, आणि हा अभ्यास उभा करणारे फिल सिल्वा सायकॉलॉजिस्ट होते.

मुलांवर वेगळा रिसर्च लागतोच, कारण मूल म्हणजे कमी वजनाचा मोठा माणूस नाही. 1950 च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं अँटिबायोटिक द्यायचे, त्यांचं कोवळं लिव्हर ते औषध पचवून बाहेर टाकू शकत नव्हतं, बाळं राखाडी पडून दगावली. असे डोस बाळाच्या शरीराप्रमाणे ठरवायला डॉक्टरांसोबत फार्माकॉलॉजीवाले (म्हणजे औषध शरीरात कसं काम करतं ते अभ्यासणारे), स्टॅटिस्टिक्सवाले लागतात.

पण मुलीला रोजचं काम कसं असतं ते आधी कळू द्या. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, एकाने डोकं बोर्डाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच सरळ करून तळव्यांना फळी लावायची, आणि बाळ तोवर रडतंय, पाय झाडतंय. तेच मूल उभं करून मोजलं की साधारण 0.7 सेंटीमीटर कमी भरतं, म्हणून कसं मोजलं तेही लिहून ठेवायचं. इथे घाई केली तर पुढे कितीही भारी ॲनालिसिस करा, काही उपयोग नाही.

किशोरवयीन मुलांचं काम तर मला जास्त नाजूक वाटतं. आईवडिलांची सही असली तरी कळत्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा स्वतःचा होकार घ्यायचा असतो, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐकायचं. उदासी, झोप, पाळी असले प्रश्न आई शेजारी बसलेली असताना विचारले तर खरं उत्तर क्वचितच येतं, हे ज्याला समजतं ना तो माणूस टीमला हवाच असतो.

पीएचडीला बरीच वर्षं जातात, सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रोजेक्टपुरत्या असतात, तेवढी तयारी मात्र घरात सगळ्यांची हवी.

तर तिला एवढंच विचारा, मुलांशी बोलायला, त्यांच्यात बसायला आवडेल, की लॅब, की आकडेमोड? पहिलं असेल तर सायकॉलॉजी, नर्सिंग किंवा न्यूट्रिशन, लॅब असेल तर बायोटेक किंवा फार्मसी, आकडे आवडत असतील तर स्टॅटिस्टिक्स करून पुढे पब्लिक हेल्थ. तिचं उत्तर तिलाच लिहून पाठवू दे, मग कोर्सचं बोलू.