निर्वाण, परिनिर्वाण आणि निर्वाणीचा इशारा

प्रश्न असा आहे: 'निर्वाण' म्हणजे मृत्यूच ना? मग बुद्धांना बोधगयेला निर्वाण मिळालं आणि कुशीनगरला महापरिनिर्वाण झालं, असं दोनदा कसं? 'निर्वाणीचा इशारा' यातलं निर्वाण तरी हेच का?

शब्द हाच. पण मूळ अर्थ मृत्यू नाही, विझणं आहे. पाणिनीने या रूपासाठी खास सूत्रच दिलं आहे, 'निर्वाणोऽवाते'. वारा पडला तर 'निर्वात' म्हणायचं, एरवी 'निर्वाण'. काशिकावृत्ती या पाणिनीवरच्या टीकेतली उदाहरणं पाहा: निर्वाण अग्नी, निर्वाण प्रदीप आणि निर्वाण भिक्षू! विझलेल्या दिव्याशेजारी भिक्षू बसवलेला पाहून मला फार आनंद झाला होता.

भिक्षूचं विझतं काय? निब्बान (निर्वाणचं पाली रूप) म्हणजे काय, असं एका परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, विचारलं तेव्हा बुद्धांचे शिष्य सारिपुत्त म्हणाले, 'रागक्खयो, दोसक्खयो, मोहक्खयो', म्हणजे राग, दोस आणि मोह यांचा क्षय. इथे मराठी वाचक हमखास अडखळतो. पालीतला 'राग' म्हणजे आसक्ती. आपण ज्याला राग म्हणतो तो 'दोस', म्हणजे द्वेष, याच्या जवळ जातो. गयासीस टेकडीवर बुद्धांनी याच तिघांना आग म्हटलं. डोळे जळताहेत, कान जळताहेत, मन जळतंय, या तीन आगींनी. समोर बसलेले भिक्षू आधी अग्निपूजक जटाधारी होते. आग कशी पेटते, कशी विझते, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

चार आर्यसत्यांची जोडणीही अशीच आहे. दुःख आहे, त्याचं कारण तृष्णा आहे, तिचा निरोध होऊ शकतो, आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. पालीत 'उपादान' म्हणजे घट्ट धरून ठेवणं आणि सरपणही. सरपण संपलं की आग विझते. मुक्त माणूस मेल्यावर कुठे जातो, असं वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने विचारलं, तेव्हा बुद्धांनी उलट विचारलं: विझलेली आग पूर्वेला गेली की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही, हे वच्छगोत्ताने स्वतःच कबूल केलं.

आता दोन निर्वाणांचं. परंपरेनुसार बुद्धांना ३५व्या वर्षी बोधी मिळाली आणि त्यानंतर ४५ वर्षं ते गावोगाव फिरून शिकवत राहिले. आग विझली, पण देह उरला, ते सउपादिसेस निब्बान. ८०व्या वर्षी कुशीनगरला देहही सुटला, ते अनुपादिसेस. त्यालाच परिनिब्बान म्हणायची रूढी पडली. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन म्हणतात तो याच रूढीने. जैन परंपरेत मांडणी निराळी आहे: केवलज्ञान जिवंतपणी, निर्वाण देहत्यागाच्या वेळी. त्यामुळे महावीरांचं पावापुरीचं निर्वाण एकदाच.

'निर्वाणीचा' मात्र मराठीने स्वतंत्रपणे वाढवलेला. निर्वाण म्हणजे शेवट, अखेरची मर्यादा, म्हणून निर्वाणीचा प्रसंग, निर्वाणीचा इशारा. त्यात बौद्ध अर्थ शोधू नये. लिहिताना मात्र कुशीनगरच्या प्रसंगाला महापरिनिर्वाण म्हणावं. 'बुद्धांचं वयाच्या ८०व्या वर्षी निर्वाण झालं' असं लिहिलं, तर मधली ४५ वर्षं ते निर्वाणाशिवायच शिकवत होते असा अर्थ निघतो.