अमेरिकेच्या दक्षिणेतली ग्रामीण काउंटी नेमकी कशी असते?

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण लोकसंख्या तालुक्याएवढीही नसते. उदाहरण अलाबामातल्या विल्कॉक्स काउंटीचं घ्या. २०२०च्या जनगणनेत वस्ती जेमतेम साडेदहा हजार, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय. कॅम्डेन हे मुख्य गाव. पूर्वी इथल्या काळ्या मातीत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा. आता पाइनची जंगलं आणि लाकडाचा धंदा. गरिबी भरपूर.

खरी गंमत जीज बेंडची. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेलं हे गाव. निम्म्या गावाचं आडनाव पेटवे, कारण गुलामांना मालकाचंच आडनाव लागलं. कॅम्डेन समोरच्या काठावर, पण नदी ओलांडायची फेरीबोट १९६२मध्ये बंद झाली. नेमकी तेव्हा, जेव्हा इथले कृष्णवर्णीय गावकरी मतदार नोंदणीसाठी पलीकडे जाऊ लागले होते. हा योगायोग मला तरी पटत नाही! फेरीबोट परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. तोवर रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा.

इथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, अगदी आपल्यासारख्याच. शेतात घालून विरलेल्या जीन्सचे तुकडे, खिशाखालचा भाग गडद निळा, बाकीचा उडालेला. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत जायच्या, त्या नमुन्याला ‘हाउसटॉप’ म्हणतात. २००२मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या.

जायचं असेल तर गाडी लागेलच, बस वगैरे विसरा.