उपग्रहाला नेमकी कोणती ओल दिसते?

मातीतला ओलावा आकाशातून मोजण्याच्या तंत्राविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्गासाठी माझी निवड झाली आहे. रडार, रेडिओमीटर आणि शेतावरची मोजणी असा अभ्यासक्रम आहे. जाण्याआधी काय तयारी करू? आपल्याकडच्या काळ्या मातीचे नमुने सोबत नेले तर चालेल का?
— कृषी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, राहुरी

माती नेऊ नका. युरोपीय संघाच्या वनस्पती-आरोग्य नियमांनुसार भारतातून माती आणायला बंदी आहे. संशोधनासाठी सवलत मिळते, पण तिचा परवाना आधीच काढलेला असावा लागतो. त्याऐवजी त्या मातीचे आकडे न्या : वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे प्रमाण, घनता आणि निदान एका शेतातली वजनी मोजणी.

ही मोजणी जाण्याआधी हाताखालून जाऊ द्याच. १०० घन सेंटीमीटरची धातूची कडी (आतला व्यास ५ सेंमी, उंची ५.१ सेंमी) वर फळी ठेवून जमिनीत सरळ ठोकायची. काढताना आधी बाजूची माती खुरप्याने मोकळी करायची. कडी तशीच ओढली तर तळाची माती तुटून जमिनीतच राहते. दोन्ही तोंडे सुरीने सपाट कापायची, नमुना डबीत घालायचा आणि झाकण लगेच लावायचे. मग ओले वजन, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हन, आणि कोरडे वजन.

समजा, डबीचे वजन वजा करून ओली माती १६८ ग्रॅम आणि कोरडी १२८ ग्रॅम भरली. पाणी ४० ग्रॅम. वजनाच्या हिशेबाने ओलावा ३१ टक्के होतो. पण नासाच्या स्मॅपसारख्या उपग्रहाचा आकडा आकारमानावर असतो : १०० घन सेंमी मातीत ४० घन सेंमी पाणी, म्हणजे ०.४०. स्मॅपचे अचूकतेचे उद्दिष्टच ०.०४ आहे, तेव्हा या दोन आकड्यांची गल्लत झाली की बाकीची सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा. त्यात ॲस्कॅट हे युरोपीय उपग्रहांवरचे रडार ओलावा तिसऱ्याच पद्धतीने, म्हणजे संपृक्ततेच्या टक्क्यांत (पूर्ण कोरडी माती शून्य, पाण्याने पूर्ण भरलेली १००) देते. कुठलीही फाइल उघडली की आधी एकक पाहा.

नमुने उपग्रह वरून जाण्याच्या वेळेला धरून घ्यायचे. स्मॅप आणि युरोपचा रडार-उपग्रह सेंटिनल-१ दोन्ही साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात. पहाटे माती आणि पीक यांचे तापमान जवळजवळ सारखे असते, म्हणून स्मॅपवरच्या रेडिओमीटरला (जमिनीतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणारे उपकरण) ती वेळ मानवते. पण तेव्हाच पानांवर दव असते आणि तेही पाणीच. नोंदवहीत दवासाठी वेगळा रकाना आखून ठेवा.

संगणकाचे म्हणाल तर युरोपीय अवकाश संस्थेचे स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर घरूनच बसवून न्या. सेंटिनल-१चे एक दृश्य साधारण एक जीबीचे असते. १६ जीबी रॅम नसेल तर वर्गात सगळ्यांचे काम उरकेल आणि तुमच्या पडद्यावरची प्रगतीची पट्टी सरकतच राहील.

प्रश्न : आमची रब्बी ज्वारी हिरवीगार उभी आहे, पण मोबाइलवरच्या ओलाव्याच्या नकाशात आमचा भाग दिवाळीपासून कोरडा दिसतो. नकाशा चुकतो का?
— शेतकरी, मंगळवेढा

नकाशा त्याच्यापुरता खरा आहे. पाणी आणि कोरडी माती यांच्या विद्युत गुणधर्मांत प्रचंड तफावत असते (पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८०च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन-चार) आणि हे सारे तंत्र त्या तफावतीवर उभे आहे. पण स्मॅपची २१ सेंमी लांबीची लहरही वरच्या सुमारे पाच सेंटीमीटरचीच खबर आणते. सेंटिनल-१ची साडेपाच सेंमीची लहर त्याहून कमी. तुमची ज्वारी जगते ती भारी जमिनीत खाली मुरलेल्या पावसावर. वरचा थर वाळून भेगाळला तरी फूटभर खाली हाताला ओल लागते. तिथवर उपग्रह पोचत नाही.

स्मॅपच्या एका माहितीसंचात एक मीटर खोलीपर्यंतचा ओलावा नऊ किलोमीटरच्या चौकटीत मिळतो. तो मोजलेला नसतो. वरचा थर, पाऊस आणि मातीचा प्रकार धरून मॉडेलने काढलेला अंदाज असतो. तुमच्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे. रेडिओमीटरची मूळ चौकट सुमारे ३६ किलोमीटरची. तिच्यात उजनीचे पाणी आले आणि ते नीट वजा झाले नाही, तर आजूबाजूचे कोरडवाहू रानही ओले दिसते. पेरणीचा वाफसा पाहायला मूठभर माती दाबून पाहणे अजूनही जास्त खात्रीचे.

प्रश्न : काळ्या मातीत सेन्सर ५२ टक्के दाखवतो आणि ओव्हनचा हिशेब ३८ टक्के येतो. सेन्सर बिघडला आहे का?
— संशोधन सहायक, परभणी

बिघाडाची शक्यता कमी, सूत्र परके असण्याची जास्त. बहुतेक सेन्सर परावैद्युत स्थिरांकावरून ओलावा काढताना कारखान्यातले सूत्र किंवा टॉप या मृदाशास्त्रज्ञाचे १९८०चे समीकरण वापरतात. ते साध्या खनिज मातीसाठी आहे. काळ्या मातीत चिकणमाती जास्त, विद्युतवाहकता जास्त. क्षार असले तर आणखी जास्त. कमी वारंवारतेवर, म्हणजे ७० ते १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे सेन्सर ही वाहकता पाणी म्हणून मोजतात. मार्च-एप्रिलमध्ये उलटे होते : सेन्सरच्या काट्यांशेजारी भेग पडते, हवा शिरते आणि आकडा एकदम कोसळतो.

आपल्या मातीसाठी सूत्र स्वतः बसवावे. माती वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. पाणी थोडे थोडे वाढवत पाच-सहा पायऱ्या करा. प्रत्येक पायरीला माती झाकून २४ तास ठेवा म्हणजे ओल सारखी पसरते. मग शेतातल्या घनतेएवढी दाबून बादलीत भरा. सेन्सर तीन जागी खुपसून वाचन घ्या, आणि त्याच जागची कडी ओव्हनला लावा. ही माती ओली झाली की फुगते, म्हणून घनता एकदाच मोजून सगळीकडे तीच वापरू नका. सोपा मार्ग म्हणून पुष्कळजण तेच करतात आणि ओल्या टोकाला वक्र वाकडा येतो.

प्रश्न : माझ्या दोन एकरांचा ओलावा सेंटिनल-१वरून घरबसल्या काढता येईल का?
— वाचक, सांगली

मोकळ्या रानाचा चढउतार कळेल, उसाचा नाही. दाट उसात ही लहर पानांतच अडकते. दोन एकर म्हणजे साधारण ९० मीटरचा चौकोन. बांधालगतचे दोन-दोन पिक्सेल सोडले तर दहा मीटरचे पंचवीसेक हाती राहतात, आणि एकट्या पिक्सेलवर कधीच विसंबू नये. सरासरी काढताना डीबीतले (डेसिबल, म्हणजे परतलेल्या लहरीची ताकद सांगणारे लॉगरिदमी एकक) आकडे बेरजेला घेऊ नका. उणे ८ आणि उणे १४ यांची तशी सरासरी उणे ११ येते. मूळ शक्तीत बदलून काढली तर उणे १०. गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांच्या ऑनलाइन सेवेमधला नेहमीचा सेंटिनल-१ संग्रह डीबीतच आहे; नावापुढे ‘फ्लोट’ असलेला वेगळा संग्रह घ्या. तुलना नेहमी एकाच कक्षेच्या फेऱ्यांची करा, म्हणजे रडारचा कोन बदलत नाही. आणि नांगरट, कुळवणी केव्हा झाली ती तारीख लिहून ठेवा : ढेकळे उठलेले रान पाऊस न पडताही रडारला ओल्यासारखे उजळ दिसते.